आमचे बार कोण भरणार?

काडतुसांच्या फाइलीवर सही करणाऱ्या साहेबांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
शस्त्रपरवाने आणि क्रीडा या दोन विषयांचा कारभार ज्यांच्या हाती आहे असे सर्व मा. अधिकारी

विषय : पिस्तूल नेमबाजांची सरावाची काडतुसं आणि ‘विचार करता येत नाही’ हा शेरा

महोदय,

आमच्या अर्जावर एकदाचा शेरा आला. ‘सदर विनंतीचा विचार करता येत नाही.’ मोजून सहा शब्द. अर्ज साडेचार पानी होता. सोबत खोलीचा नकाशा, कुलपांची यादी, नोंदवहीचा नमुना आणि अकरा नेमबाजांच्या सह्या होत्या. शेरा यायला चौदा महिने लागले, म्हणजे महिन्याला अर्धा शब्दही पडला नाही. तुमच्यापैकी कोणत्या कार्यालयातून तो आला हे मी इथे लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल, आणि माझं भांडण कुणा एका टेबलाशी नाहीही.

आमची मागणी अशी होती की सेंटर फायर (काडतूस बुडाच्या मध्यावर पेटतं अशा) पिस्तुलासाठी लागणारी सरावाची काडतुसं क्लबाच्या आवारात, एका बंद खोलीत, परवाना घेऊन आणि पोलिसांच्या देखरेखीखाली आम्हाला स्वतः भरू द्यावीत. जगभरातले नेमबाज याला हँडलोडिंग म्हणतात. आमच्या आज्याच्या भाषेत ‘बार भरणं’.

आज्याचं नाव उगाच काढलेलं नाही. अक्कलकोटाकडच्या आमच्या शेतात रानडुकरं यायची म्हणून त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. परवान्यावर बंदुकीची दारू आणि ठिणगीच्या टोप्या विकत मिळायच्या. तो ओसरीवर बसून नळीत दारू ओतायचा, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजानं ठासायचा. सरकारनं त्याला स्वतःचा बार स्वतः भरायला हरकत घेतली नव्हती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यावर हा विश्वास टाकला गेला. त्याचा नातू राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आला, वीस वर्षं पोरांना शिकवतोय, त्याच्या अर्जाचा मात्र विचारच करता येत नाही.

आता मी कोण ते सांगतो. माझे वडील जुन्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. मी टेरी टॉवेलचे माग दुरुस्त करतो. सोलापुरात जन्माला येऊन माग आणि पिस्तूल या दोन्हींचा नाद करणारे फार नसतील, पण मला दोन्हींत फरक वाटत नाही. टॉवेलच्या मागावर सूत गुंडाळलेल्या एका बीमचा ताण जरासा सैल पडला तर आडवा पट्टा उमटतो आणि अख्खा माल ‘सेकंड’मध्ये जातो. पिस्तुलातही तेच. साठातलं एक काडतूस बाकीच्या एकोणसाठांसारखं नसेल तर ते पाच-पाच गोळ्यांच्या नेमक्या कोणत्या सिरीजमध्ये निघेल हे कुणाला सांगता येत नाही.

तुमच्यातले बरेच जण हा खेळ जवळून पाहिलेले नसतील, म्हणून थोडं सांगतो. 25 मीटर सेंटर फायर पिस्तूल हा पुरुषांचा प्रकार. ऑलिंपिकमध्ये तो नाही, पण जागतिक आणि आशियाई पातळीवर त्याला मोठा मान आहे. 1994 ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणानं याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. 2006 ला दोह्यात पुन्हा मिळवलं, 590 गुण करून, म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी करून. एकूण साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश, पाच मिनिटांत पाच अशा. त्या फेरीत दहा गुणांचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं असतं. पुढच्या तीस जलद : हात 45 अंशांत खाली धरून उभं राहायचं, टार्गेट तीन सेकंद समोर येतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी मारायची, सात सेकंद थांबायचं, की परत टार्गेट. तीन सेकंदांत शंका घ्यायला वेळ नसतो. पिस्तुलावर आणि काडतुसावर आंधळा भरवसा लागतो.

यात बहुतेक जण .32 बोअर वापरतात आणि गोळी असते वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची. गोल टोकाची गोळी कागद फाडत जाते, वॉडकटर पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडते. त्यामुळे रेषेवरचा गुण मिळाला की हुकला यावर वाद होत नाही. काडतुसाचे भाग चार : पितळेची केस, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू, वर गोळी. फायर झाल्यावर दारू जळते, प्रायमर संपतो, गोळी जाते. केस मागे राहते आणि ती अनेकदा वापरता येते. काडतुसातला पुन्हा वापरता येणारा भाग तोच, आणि तोच आम्ही मोजून पोत्यात भरतो. एका राउंडला, म्हणजे एका काडतुसाला, दारू लागते जेमतेम गुंजभर. सराफ कट्ट्यावरचा सोनार जे वजन चिमटीत धरतो, तेवढी.

या जागी एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगतोय असं होईल. हँडलोडिंग हा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय नाही. आमच्या क्लबातली लहान पोरं छर्ऱ्याच्या पिस्तुलानं खेळतात, तिथे दारूचा संबंध नाही. त्यापुढच्या मुली .22 खेळतात. .22 च्या काडतुसात पेट घेणारा मसाला केसच्या काठातच भरलेला असतो आणि फायरिंग पिन तो काठ चेपते, म्हणून ती केस पुन्हा भरता येत नाही. त्या पोरींना चांगल्या कारखान्याची, एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) काडतुसं वेळेवर मिळणं हाच मार्ग. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच 25 मीटर पिस्तुलात. तेव्हा इथल्या चौकाचौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागले होते. फ्लेक्सवर राहीपेक्षा फ्लेक्स लावणाऱ्याचा फोटो मोठा होता, पण ते असो.

आता तक्रारी.

पहिली : आम्हाला वाट कुणी सांगत नाही. शस्त्र अधिनियम 1959 मी वाचलाय, एकदा नाही, अनेकदा. दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रंही येतात. कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान 7 वर्षं ते जन्मठेप आहे. म्हणूनच आयुष्यात एकही काडतूस मी या देशात भरलेलं नाही आणि माझ्या कोणत्याही पोराला भरू दिलेलं नाही. पण ‘परवान्याशिवाय नाही’ याचा अर्थ परवाना नावाची काहीतरी गोष्ट असते ना? तो कुणाकडे, कोणत्या नमुन्यात, कोणत्या अटींवर मागायचा? एका टेबलानं सांगितलं, हा कारखान्याचा विषय, वर जा. दुसरं म्हणालं, स्फोटकांचं खातं वेगळं, तिकडे जा. तिसऱ्यानं चहा पाजला आणि म्हणाला, “जॉबरसाहेब, कशाला या फंदात पडता? दोन पोरी आहेत तुम्हाला.” सल्ला प्रेमाचा होता, मी मानतो. पण सल्ला म्हणजे उत्तर नव्हे. शेवटी जे लेखी आलं त्यात ना कलम, ना नियम, ना कारण. अपील करायचं तर कशाविरुद्ध करायचं?

दुसरी तक्रार आकड्यांची. एका मॅचला साठ गोळ्या, शिवाय दोन्ही फेऱ्यांआधी पाच-पाच चाचणीच्या, म्हणजे सत्तर. गंभीरपणे खेळणारा पोरगा आठवड्यातून तीनदा पूर्ण मॅच मारतो : 210. आजारपण, परीक्षा, दिवाळी आणि गड्ड्याची जत्रा वजा करून वर्षाचे 45 आठवडे धरा. 9,450 राउंड होतात. ही चैन नाही. वरच्या पातळीवर खेळणाऱ्याचा हा किमान रियाज आहे. गायकाला कुणी सांगतं का, की वर्षातून दोनशे वेळाच सा लावा? आमच्या मागणीकडे मात्र स्वसंरक्षणासाठी कपाटात पिस्तूल ठेवणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं जातं. ‘एवढी काडतुसं कशाला?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तराची छापील चिठ्ठीच मी खिशात ठेवतो.

बरं, मंजूर झालेली तरी मिळतात का? दुकानात फोन केला की ‘माल आला की कळवतो’. माल येतो तेव्हा तो ज्या लॉटचा असेल त्या लॉटचा. मग पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठायचं, अडीचशे किलोमीटर. परवाना, मंजुरीपत्र, त्यांच्या झेरॉक्सा, झेरॉक्सांच्या झेरॉक्सा. दोन डबे घेऊन रात्री घरी. एका वर्षी मी असा सात वेळा गेलो. त्यातल्या तीन वेळा हात हलवत परत आलो, कारण कोणत्यातरी कागदावरचा शिक्का अस्पष्ट होता. गाडीत शेजारचा माणूस विचारायचा, पुण्याला काय काम? मी सांगायचो, मागाचे स्पेअर पार्ट. खरं सांगायची लाज नव्हती, पण प्रश्न वाढले असते.

तिसरी तक्रार माझी नाही, एका पोराची आहे, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसलो.

वय वीस. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. बारा वर्षांचा असताना क्लबाच्या गेटवर उभा राहून बघायचा. त्याचा हात कसा होता हे तुम्हाला कसं सांगू? पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी तळहातावर ठेवली तरी थेंब सांडायचा नाही. क्लबाच्या पिस्तुलावर दोन वर्षांत तो माझ्या पुढे गेला. राज्य स्पर्धा जवळ आली आणि काडतुसं नाहीत. दोन महिने त्यानं ड्राय प्रॅक्टिस केली. रिकामं पिस्तूल, पांढरी भिंत, ट्रिगर ओढायचा, हात स्थिर राहिला का बघायचं. रोज दोन तास, कुरकुर न करता. स्पर्धेच्या नऊ दिवस आधी काडतुसं आली : दीडशे, आणि तीही दोन वेगवेगळ्या लॉटची. एका लॉटवर पिस्तूल छान चालायचं, दुसऱ्यावर अडखळायचं. वॉडकटरची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं नाजूक असतात हो. दारूचा जोर जरा कमी पडला की स्लाइड पूर्ण मागे जात नाही, रिकामी केस अडकते. चांगला लॉट स्पर्धेसाठी राखायचा म्हटलं तर त्यात सत्तरसुद्धा नव्हती. मग सरावाला काय उरणार आणि मॅच कशानं मारणार?

त्यानं सावकाश फेरी चांगल्या लॉटनं मारली आणि जलद फेरीत उरलेला मिसळला. दुसऱ्याच सिरीजमध्ये केस अडकली. पंचांनी तपासून खेळाडूचा दोष नाही असं ठरवलं आणि सिरीज पूर्ण करू दिली. नियम एका फेरीत अशी माफी एकदाच देतो. पाचव्या सिरीजच्या दुसऱ्या गोळीनंतर पुन्हा अडकली. उरलेल्या तीन गोळ्या शून्य. पोरगा पिस्तूल टेबलावर ठेवून मागे सरकला, नियमाप्रमाणे, नळी टार्गेटकडे, मॅगझिन काढून. पुढच्या स्पर्धेची पात्रता त्याला अकरा गुणांनी हुकली. त्या तीन गोळ्यांचे नऊ-नऊ धरले तरी सत्तावीस होतात.

घरी आल्यावर त्याच्या आईनं मला विचारलं, “सर, गोळी खराब निघाली म्हणजे दुकानदारानं फसवलं का?” मी म्हणालो, नाही वहिनी, कुणीच फसवलं नाही. हे सांगताना मला जास्त वाईट वाटलं. कुणी फसवलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. इथे दारच सापडत नाही. पोरगा आता हैदराबाद रोडच्या एका गोदामात कामाला जातो. रविवारी कधी येतो, छोट्यांना उभं राहायला शिकवतो. स्वतः पिस्तूल हातात घेत नाही.

चौथी तक्रार एवढीच की आमच्याकडे संशयानं बघणं थांबवा. दर निवडणुकीला ‘शस्त्र जमा करा’ असा निरोप येतो आणि दर निवडणुकीला आम्ही खेळाडूंसाठीच्या सवलतीचा तोच कागद दाखवतो. पाच मिनिटांचं काम, पण शेजारीपाजारी खिडकीत येऊन उभे राहतात.

आता तुमची बाजू. तुम्हाला भीती वाटते ती खोटी नाही. खोटी आहे असं म्हणणारा नेमबाज मला भेटला तर मी त्याला रेंजवरून बाहेर काढेन. हातानं भरलेल्या काडतुसात दोन चुका जीवघेण्या ठरतात. एक, लक्ष विचलित झालं आणि एकाच केसमध्ये दोनदा दारू पडली. दुसरी त्याच्या उलट : दारू पडलीच नाही. मग होतो फुसका बार. प्रायमर फुटतो, गोळी नळीतच अडकते, आवाज नेहमीपेक्षा बारीक येतो. ते न ओळखता पुढची गोळी मारली की नळी फुगते किंवा फुटते. प्रायमरच्या धुरात शिसं असतं, खोलीला हवा खेळती लागते. आमच्याकडे मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा दारू पत्र्याच्या खोलीत ठेवायची नसते. हे सगळं आम्हाला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच ‘घरी करू द्या’ असं आम्ही म्हटलेलं नाही. दगडी भिंतीची एक खोली, दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, असं म्हटलंय. नकाशा अर्जाला जोडला होता. तो कुणी उघडून पाहिला असेल का, अशी शंका मला आहे. परत आला तेव्हा स्टेपलर पिन मी मारली तशीच होती.

हे काम नीट कसं होतं ते मी पाहिलेलं आहे. 2009 ला मागांच्या प्रशिक्षणासाठी दोन महिने दक्षिण जर्मनीत होतो, बोडेन सरोवराच्या काठी. राहत होतो त्या गावात नेमबाजांचा क्लब होता, आपल्याकडे तालमी असतात तसा. रविवारी सकाळी म्हातारीकोतारी माणसं तिथे जमायची. एक निवृत्त बेकरीवाले आजोबा काडतुसं भरायचे. त्यांच्या देशात स्फोटकांच्या कायद्याचं कलम 27 आहे. त्याखाली आधी अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग माणसाची चौकशी, मग खेळासाठी गरज असल्याचा पुरावा आणि तेव्हा कुठे परवाना. तोही साधारण पाच वर्षांचा, संपला की परत दारात उभं राहायचं. आजोबांनी मला काडतुसं भरायच्या प्रेसला हात लावू दिला नाही. “तुझ्याकडे कागद नाही,” म्हणाले. फक्त रिकाम्या केसा निवडायला दिल्या : तडा गेलेली इकडे, चांगली तिकडे. पन्नास केसांत दारू ओतून झाली की ते लाकडी ठोकळा दिव्याखाली धरायचे आणि प्रत्येक केसमध्ये डोकावून पातळी सारखी आहे का बघायचे. मग वहीत तारीख, वजन, किती भरली, सही. त्या वेळात कुणी बोलायला आलं तर हातानंच बाहेर जा म्हणून खुणवायचे. माझे वडील ताण लावताना असंच करायचे. तेव्हा मला वाटलं, हे सोलापुरात होऊ शकतं. बारीक, एकसुरी, चूक न होऊ देणारं काम या गावाला कुणी शिकवायला नको. इथली दोन-तीन पिढ्यांची बोटं त्यातच झिजलीत.

आणि एक गंमत सांगतो, रागावू नका. दर वर्षी किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. अख्खं गाव बघायला लोटतं, मीही सिद्धरामेश्वरांना हात जोडून उभा असतो. तिथे परवानगी असते, अग्निशमनाची गाडी असते, बंदोबस्त असतो, आणि एवढ्या गर्दीत एवढी दारू व्यवस्थित उडते. म्हणजे जोखीम मोजायची, अटी घालायच्या, माणूस उभा करायचा आणि काम होऊ द्यायचं, हे आपल्या प्रशासनाला उत्तम जमतं. मग आमच्या गुंजभर दारूलाच काय झालं?

आमच्या मागण्या अशा.

आमच्या अर्जाला तीस दिवसांत कारणासहित लेखी उत्तर द्या. कायद्यात बसत नसेल तर कोणत्या कलमात बसत नाही ते लिहा. बसत असेल पण तुम्हाला अधिकार नसेल, तर कुणाला आहे ते लिहा आणि फाइल तुम्हीच तिकडे पाठवा. आम्ही ती बगलेत मारून फिरणार नाही.

होकार असेल तर एका वर्षापुरता, प्रायोगिक द्या. एकच खोली. प्रशिक्षण घेतलेली दोनच माणसं. प्रायमर, दारू, गोळ्या यांची खरेदी क्लबाच्या नावे, कुणा एकाच्या नावे नाही. भरलेली काडतुसं आवाराबाहेर न्यायची नाहीत, सरावातच संपवायची, स्पर्धेला कारखान्याचीच. पोलिसांनी केव्हाही यावं, न सांगता यावं, वही आणि माल ताडून बघावा. एका राउंडचा फरक निघाला तर खोलीला तुमचं कुलूप लावा. आम्ही हूं की चूं करणार नाही.

नकार असेल तर तोही आम्ही पाळू. पण मग बार भरायची जबाबदारी तुमच्यावर येते. नेमबाजाचा प्रकार आणि त्याची गुणपत्रिका बघून वर्षाचा कोटा ठरवा. हंगामाच्या तीन महिने आधी, एका खेळाडूला एकाच लॉटची काडतुसं सोलापुरात मिळतील अशी व्यवस्था लावा. .22 च्या मुलींनाही हाच नियम. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून उभा आहे, आणि तो आमच्याच राज्यात आहे. राज्याच्या क्रीडा खात्यानं नेमबाजी संघटनेला सोबत घेऊन तिथे एकदा बसावं आणि विचारावं, की स्पर्धेच्या दर्जाचं .32 वॉडकटर आम्हाला देता येईल का. विचारायला पैसे पडत नाहीत.

शस्त्रपरवाना आणि क्रीडा या दोन खात्यांनी मिळून एक माणूस नेमावा. नेमबाजांचे कागद तोच घेईल आणि तोच उत्तर देईल. आज क्रीडावाले म्हणतात शस्त्राचा विषय, शस्त्रवाले म्हणतात खेळाचा विषय, आणि मधल्या जिन्यात आम्ही उभे.

शेवटचं, म्हटलं तर मागणी, म्हटलं तर आमंत्रण. एका सकाळी रेंजवर या. कानाला मफ लावा, डोळ्याला चष्मा, आणि माझ्या मागे उभं राहून तीस गोळ्यांची जलद फेरी बघा. त्यानंतर ‘एवढी काडतुसं कशाला’ हे तुम्ही विचारणार नाही. नाश्त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. आमच्याकडून.

या पत्राची प्रत दोन्ही कार्यालयांच्या आवक शाखेत दिली आहे आणि शिक्क्यासह पोच घेतली आहे. शिक्का या वेळी स्पष्ट उमटलाय.

आपला नम्र,
सोलापूरचा एक नेमबाज, व्यवसायानं मागदुरुस्तीवाला

ता. क. : त्या पोराच्या जलद फेरीतल्या केसा मी एका टॉवेलच्या पिशवीत जपून ठेवल्यात. फायर झालेल्या सगळ्या आहेत, अडकलेल्या दोन वेगळ्या कागदात गुंडाळल्यात. बुडावरचे शिक्के वाचता येतात. याल तेव्हा दाखवतो.